अकरावं माप

न्यायाधीश बाईंना एक खोड होती. चोरीचा, फसवणुकीचा खटला समोर आला की त्या नुकसान झालेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायच्या. "हे पैसे तुम्ही कशासाठी साठवले होते?"

या प्रश्नाला कायद्यात कुठेच जागा नव्हती. किती गेले, कधी गेले, कोणी नेले, एवढं विचारलं की काम भागतं. वकील मंडळी आपसात याला "बाईंचा फुकटचा प्रश्न" म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. "माणसाचे पैसे गेले म्हणजे नक्की काय गेलं, ते कळायला नको का?" एवढंच त्या म्हणायच्या.

तर या वेळचा खटला होता ठेवीवाल्याचा. हा गृहस्थ म्हाताऱ्या माणसांकडून ठेवी घ्यायचा, गोड बोलायचा, दोन वर्षांत दामदुप्पट म्हणायचा. दहा जणांची आयुष्यभराची पुंजी त्याने अशी गिळली आणि त्या पैशातून एक घर बांधलं. मग एके दिवशी, कोणी पकडायला आलेलं नसताना, तो आपल्या पायांनी चौकीवर गेला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. का, ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मला कोठडीत झोपू द्या. तिथल्या भिंती जागच्या जागी असतात."

त्याला शिक्षा झाली. राहिला प्रश्न घराचा.

कायदा असा होता की, गुन्ह्याच्या पैशातून घेतलेली वस्तू न्यायाधीशाला जप्त करून नुकसान झालेल्यांना देता येते. येते, म्हणजे केलीच पाहिजे असं नाही. सगळी करावी, थोडी करावी की सोडून द्यावी, हे न्यायाधीशाने आपल्या विवेकाने ठरवायचं. लहान मुलाच्या हातात सुरी द्यावी आणि "जपून हं" म्हणावं, तसा हा अधिकार. त्यात कोणाचं तरी बोट कापलं जाण्याची भीती कायम. त्या घरात ठेवीवाल्याची बायको आणि आई राहत होत्या, आणि त्यांना दुसरं छप्पर नव्हतं. बायको रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिचं म्हणणं, "अकरा वर्षांचा माझा पगारसुद्धा या घरात गेलाय. दर महिन्याला मी नवऱ्याच्या हातात दिलाय." पण त्याची पावती ना चिठ्ठी. नवरा-बायकोत पावत्या कोण फाडतं?

तिचं म्हणणं खरं ठरलं तर तिचा वाटा वाचणार होता. खोटं ठरलं तर ती रस्त्यावर.

बाईंनी ठरवलं, घर डोळ्यांनी पाहायचं.

दुपारी अडीचला त्या निघाल्या. सोबत लेखनिक, दोन्ही बाजूंचे वकील आणि बेलिफ. न्यायालयाचे हुकूम बजावणं, मोजमाप करणं, सील ठोकणं हे या बेलिफाचं काम, आणि त्याची जीभ त्याच्या टेपापेक्षा लांब.

"बाईसाहेब, आधीच सांगतो, या घराचं काही खरं नाही," तो गाडीत म्हणाला. "मागच्या महिन्यात मी याद्या करायला गेलो, तेव्हा पायऱ्या मोजल्या. तेरा. नकाशात सात. गवंड्याला विचारलं. तो म्हणतो, मी सातच बांधल्या, आईशप्पथ."

"गवंडी खोटं बोलत असेल."

"असेल. पण माणूस पैसे खाऊन सातच्या पाच करतो. सातच्या तेरा करणारा गवंडी मी पाहिला नाही बुवा."

घर दिसायला चारचौघांसारखं होतं. दोन मजले, पिवळट रंग, कोपऱ्यावर एक खांब. पायऱ्या मात्र खरंच तेरा होत्या, आणि इतक्या बुटक्या की चढताना गुडघा वाकवावा लागत नव्हता. चौथ्या पायरीवर बाई थबकल्या. दहा जणांत एक निवृत्त पोस्टमन होता. उभ्या जन्मात लोकांचे जिने चढून त्याच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. फुकटच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं होतं, "मला माझ्या दारापुढे अशा पायऱ्या करायच्या होत्या, की कोणाचा हात न धरता मी वर जाईन."

योगायोग म्हणून बाईंनी तो विचार बाजूला ठेवला.

दार ठेवीवाल्याच्या बायकोने, म्हणजे त्या घरच्या सुनेने उघडलं. उंच, हाडापेराने मजबूत बाई. धुण्याच्या सोड्याने हात कोपरापर्यंत पांढुरके झालेले. मागून सासूचा आवाज आला, "कोण गं? घर न्यायला आले का?"

"पाहायला आलेत, सासूबाई."

"पाहू देत. पाहण्याचे पैसे पडत नाहीत."

पुढच्या खोलीच्या एका भिंतीवर जमिनीपासून कंबरेपर्यंत काळा रंग होता. बाईंनी बोट लावलं. बोटावर खडू आला. एका शिक्षिकेची साक्ष त्यांना आठवली. तिला गल्लीतल्या पोरांना घरी बोलावून शिकवायचं होतं आणि मुलांचा हात पोचेल असा फळा हवा होता. "मोठ्यांच्या उंचीचे फळे पाहून मुलं आधीच घाबरतात हो," असं ती म्हणाली होती.

"तुम्ही शिकवता का कोणाला?" बाईंनी विचारलं.

"मला सही येते, एवढंच," सून म्हणाली. "ही भिंत पहिल्या वर्षी पांढरी होती. मी दोनदा चुना लावला. सकाळी पुन्हा काळी."

वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

मधल्या खोलीत खाटेला लागून एक खिडकी होती, पण तिची चौकट खाटेच्या पातळीला. निजल्या निजल्या रस्ता दिसावा अशी. हे म्हाताऱ्या सुइणीचं. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे. हे त्या विधवेचं, जिला अंघोळीला आपल्या सुनेला हाक मारायची लाज वाटायची. माळ्यावर उत्तरेचा प्रकाश येईल असा झरोका आणि त्याखाली कापड बेतायचा लांबलचक फळा. हे शिंप्याचं. बाई खोल्यांमागून खोल्या पाहत गेल्या, आणि मनातल्या साक्षी एकेक करून समोर उभ्या राहत गेल्या. त्या दहा जणांच्या इच्छा बाईंखेरीज कोणी लक्षातही ठेवल्या नव्हत्या. ठेवीवाल्याला तर त्या ठाऊकच नव्हत्या. त्याने फक्त पैसे नेले होते.

"हे सगळं एकदम झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. एकेक. रात्री निजावं आणि सकाळी काहीतरी वाढलेलं असावं. हे आधी गवंड्याला शिव्या द्यायचे. मग माझ्यावर ओरडायचे. खिडकी झाली त्या दिवशी ते खाटेवर बसून नुसते रस्त्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चौकीवर गेले."

"मला मात्र बरं पडलं," सासू दांड्याला धरून आली होती. "गुडघे दुखत नाहीत, न्हाताना पडायची भीती नाही. पोटच्या पोराने केलं नाही ते कोणाकोणाच्या पैशांनी केलं."

"सासूबाई, वकील लिहून घेतायत."

"लिहू देत. मला काय वाचता येतंय?"

माडीवर एक शेवटची खोली उरली होती. बाई दाराशी थांबल्या. आतापर्यंत दहा गोष्टी झाल्या होत्या, दहा माणसांच्या. सुनेचा पगार खरोखर या घरात गेला असेल, तर तिचंही काहीतरी इथे असायला हवं होतं. आता या खोलीत अकरावं काही निघालं तर? असला पुरावा कोणत्याही कायद्यात बसत नाही हे त्यांना कळत होतं. पण विवेकाने ठरवायचं म्हणजे जे दिसतं ते पाहून ठरवायचं, आणि त्यांना तर हे दिसत होतं.

त्यांनी दार लोटलं.

आत एक लिहायचं टेबल होतं. साधं, घट्ट लाकडाचं. पुढे खुर्ची, टेबलाखाली पाय ठेवायची पाटी, आणि भिंतीला पुस्तकांची फडताळं. फडताळं मात्र निम्म्या भिंतीपर्यंतच. जणू वरचा भाग कोणाला लागणारच नव्हता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या सुनेकडे वळल्या. "मी आता विचारते ते नीट ऐका. तुमचे पैसे या घरात आहेत असं तुमचं म्हणणं आहे. या खोलीतलं जे आहे ते तुमचं असेल, तर ते तुमच्या बाजूने धरता येईल. विचार करून सांगा. हे तुमचं आहे का?"

सुनेच्या वकिलाने मान हलवून तिला खूण केली. सगळ्यांनी पाहिली. सुनेनेही पाहिली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"नाही," ती म्हणाली. "माझं नाही. आम्हा कोणाचंच नाही. एकदा बसून पाहिलं मी. गुडघे वर अडकतात."

वकिलाने कपाळावर हात मारला. बेलिफाने टेप काढून टेबल मोजलं आणि लेखनिकाला आकडे सांगितले. पाटीपासून खुर्चीच्या फळीपर्यंत सव्वाचौदा इंच. "पोराठोरांचं माप आहे," तो म्हणाला.

बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या सरळ त्या खुर्चीवर बसल्या.

त्यांची उंची इतकी कमी होती की सव्वीस वर्षांत कुठल्याच न्यायालयाच्या खुर्चीवर बसून त्यांचे पाय जमिनीला लागले नव्हते. उंच मंचामागे ते लोंबकळत राहायचे. जन्मठेप सुनावतानाही लोंबकळत राहायचे. इथे पाय पाटीवर अलगद टेकले. कोपरं टेबलावर हवी तिथे आली. हात वर केला तर सर्वांत वरचं फडताळ बोटांना लागलं. कोणीतरी मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवावा, तसा पाठीला खुर्चीचा आधार मिळाला.

त्या ताडकन उठल्या.

"बाईसाहेब, बरं नाही का?" बेलिफाने विचारलं.

"चला," त्या म्हणाल्या. "झाली पाहणी."

जे दिसलं ते सगळं, आणि सुनेचं उत्तरही, लेखनिकाने टिपणात जसंच्या तसं उतरवलं. दोन्ही वकिलांनी खाली सह्या केल्या.

घरी बाईंचा थोरला भाऊ होता. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. वडील गेले तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या. दादाने शिवणयंत्रं दुरुस्त करून त्यांना वाढवलं, शिकवलं. तो त्या वेळी ओट्यापाशी उभा राहून कांदा चिरत होता.

"दादा, तू ठेवीवाल्याकडे पैसे ठेवले होतेस?"

सुरी थांबली. कांदा चिरताना तसंही डोळ्यांत पाणी होतंच.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. ठेवले होतेस की नाही?"

"न्यायाधीशाचा भाऊ, आणि भामट्याच्या हाती लागला," दादा म्हणाला. "लोकांनी काय आरती केली असती माझी? म्हणून गप्प बसलो. गेले तर गेले."

बाई खुर्ची ओढून बसल्या. पाय नेहमीसारखे अधांतरी. इतरांना विचारताना हा प्रश्न कधी जड गेला नव्हता. आज गेला. "कशासाठी साठवले होतेस?"

दादाने हात पुसले, कपाटातून सुतळीचा तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे टाकला. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. "तू पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मग बसून लिहीन म्हणालीस. बाजारात तुझ्या मापाचं काही मिळतं का, बुटके? तू आजारी होतीस ना, तेव्हा टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेऊन ठेवलं होतं. टेबल, खुर्ची, फडताळं. चांगल्या लाकडाची."

बाईंनी सुतळी पट्टीला लावली. दोन गाठींत सव्वाचौदा इंच अंतर होतं.

मग बाईंनी त्याला त्या खोलीबद्दल सांगितलं. दादाने भुताखेतांवर कधी विश्वास ठेवला नव्हता. पण तो हसला नाही. "लाकूड कोणतं होतं?" एवढंच त्याने विचारलं.

"मला हा खटला सोडावा लागेल, दादा."

"का? मी तक्रार केलेली नाही. कोणाला ठाऊक आहे? तू सोडलास तर जाईल कोणाकडे? सरसकटकडेच ना?"

दुसऱ्या न्यायाधीशांना सगळे सरसकट म्हणायचे. जप्तीचा अर्ज आला की त्यांचा निकाल ठरलेला. सगळं सरसकट जप्त. घरादारासकट, पाटावरवंट्यासकट.

"ती पोरगी रस्त्यावर येईल," दादा म्हणाला. "तिने बिचारीने खरं सांगितलं, तर त्याचं हे बक्षीस? घर दे तिला. माझे पैसे मी सोडले."

"तू सोडशील. मी कशी सोडू? ते माझे नाहीत. आणि घर जप्त केलं, तर त्यातून माझ्या भावाला वाटा मिळणार. दादा, इकडे गेलं तरी माझाच हात, तिकडे गेलं तरी माझाच." त्या थांबल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि खरं सांगू? त्या खुर्चीवरून मला उठवेना. मला ती खोली हवीशी वाटली. ज्याच्या तोंडाला पाणी सुटलंय त्याने वाढायला बसू नये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भर न्यायालयात सांगितलं, की नुकसान झालेल्यांत आपला सख्खा भाऊ आहे, म्हणून हा खटला आपण चालवू शकत नाही. दादाने चौकीवर जाऊन अकरावी तक्रार नोंदवली. सून मागच्या बाकावर होती. ती उठली आणि कोणाकडेही न पाहता बाहेर गेली. बाईंना तिच्या पाठीकडे बघवलं नाही.

सरसकटांनी तारीख दिली तेव्हा बाई दादाबरोबर गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मंचाच्या खालच्या बाजूला बसल्या. सरसकट जाडजूड चष्म्यातून टिपण वाचत होते. पायऱ्या, फळा, खिडकी, हे सगळं त्यांनी भराभर उलटलं. भिंतींचा हिशोब सरसकटांच्या लेखी गवंड्याने द्यायचा होता. शेवटच्या पानावर मात्र ते थांबले, आणि त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"तुम्ही 'नाही' का म्हणालात?" त्यांनी सुनेला विचारलं.

"माझं नव्हतं म्हणून."

"हो म्हटलं असतं तर फायदा होणार, हे कळलं होतं?"

"कळलं होतं. बाईंनी आधीच सांगितलं होतं. वकीलसाहेबांनी मानही हलवली होती."

न्यायालयात हशा पिकला. सरसकट हसले नाहीत. "तीस वर्षांत," ते म्हणाले, "या पिंजऱ्यात उभं राहून स्वतःच्या तोट्याचं खरं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. कागद हिच्याकडे नाही. पण जी बाई टेबल आपलं नाही म्हणते, तिने पगार दिला म्हटलं तर मी मानतो." त्यांनी निकाल सांगितला. अकरा वर्षांच्या पगाराइतका, म्हणजे घराचा सहावा भाग सुनेचा. स्वयंपाकघर आणि मागची खोली तिच्याकडे राहील. बाकीचा भाग जप्त, आणि तो अकरा जणांच्या स्वाधीन. विकायचा की वापरायचा, ते त्यांनी ठरवावं.

"सरसकटाला सहा भाग मोजता येतात होय!" बेलिफ बाईंच्या कानाशी पुटपुटला.

वाटण्या मोजायच्या दिवशी अकरा जणांना बोलावलं होतं. बाई दादाचा हात धरून आल्या. पोस्टमन कोणाचाही हात न धरता तेरा पायऱ्या चढून गेला आणि वर पोचल्यावर पोरासारखा रडला. बेलिफ मागच्या खोलीत टेप घेऊन शिरला, आणि लगेच बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाईसाहेब, जरा येता का?"

मागच्या खोलीची बाहेरची भिंत नकाशात सलग होती. पाहणीच्या टिपणातही सलग होती. आता तिच्या मधोमध एक दार होतं. अरुंद, हिरव्या रंगाचं, गल्लीकडे उघडणारं. दारातच बसवलेलं कुलूप, कुलपाला किल्ली.

"हे कुठलं गं दार?" सासू म्हणाली.

सून खोलीच्या मध्यावर उभी होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा थांबली. "सासूबाई, माझा पगार मी घरासाठी देत नव्हते. ते काढून घ्यायचे. मी मनात दुसऱ्याच गोष्टीसाठी साठवत होते."

"कशासाठी?"

सुनेने किल्ली फिरवली. कुलूप पहिल्याच झटक्यात उघडलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं, एक सायकल टेकलेली, आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. किल्ली काढून घेत ती बाहेर पडली, तिने दार ओढून घेतलं, आणि बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज आला.

"अगं, जेवायला कधी येणार?" सासू आतून ओरडली.

"धुलाईखान्यातली पाळी सुटली की!" आवाज लांबून आला. चालत्या माणसाचा.

बेलिफाने टेप गुंडाळायला घेतला. बाई खाली वाकल्या. त्या दाराचा उंबरठा मधोमध खोलगट झिजला होता, अकरा वर्षं रोज कोणीतरी त्याच्यावरून बाहेर जावं तसा. बाईंनी त्या खळग्यात हात ठेवला. लाकूड अजून गरम होतं.